मानांग सेपाच्या गाडीची चाकं

मी मियागाओत शववाहिका चालवतो. गाडी वरून कशी लखलखीत ठेवतो ते गावात कुणालाही विचारा. चाकांचं मात्र मी कधी मनावर घेतलं नव्हतं. मेलेला माणूस आडवा असतो, त्याला चाकं थोडीच दिसतात, असं माझं म्हणणं. ते किती अडाणीपणाचं होतं हे मला लुमिंगने ऐकवलं, आणि तेही चारचौघांत.

लुमिंग ही मानांग सेपाची एकुलती एक लेक; थोरल्या बाईला आम्ही मानांग म्हणतो. मानांग सेपाने उभा जन्म लोकांची धुणी धुतली. ती गेल्यावर चार दिवस तिची शवपेटी घरात ठेवलेली होती, अंगणात पत्त्यांचे डाव चालले होते, कॉफी-बिस्किटं फिरत होती. दुपारी एकला चर्चमध्ये प्रार्थना आणि मग दफन, असं ठरलेलं. सकाळी आठलाच मी गाडी दारात आणून उभी केली. लुमिंग बाहेर आली, गाडीला एक फेरी मारली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"तासियो, ही चाकं कसली रे?"

"कसली म्हणजे? चाकांसारखी चाकं."

"काळीठिक्कर झालीत. आम्ही सगळे या गाडीच्या मागून मान खाली घालून चालणार. चांगला दीड किलोमीटर. मान खाली घातली की समोर काय दिसतं, सांग बघू? आईने अख्ख्या गावाचे कपडे पांढरे केले आणि ती या असल्या चाकांवरून जाणार? मी पेटी उचलूच देणार नाही. दुसरी गाडी आण."

आमच्या शवपेट्यांच्या दुकानाकडे दुसरी गाडी नाहीच. पत्ते खेळणारे माना वर करून माझ्याकडे बघू लागले. मी रस्त्यापलीकडे बघितलं आणि ओरडलो, "काद्यो मानोंग!"

रस्त्यापलीकडे बदामाच्या झाडाखाली पत्र्याची एक शेड आहे. तिथे काद्यो बसतो. वयाने मोठा म्हणून सगळे त्याला मानोंग म्हणतात. तो फक्त चाकं धुतो. काचा पुस म्हटलं तर म्हणतो, काचा तुझ्या बायकोला सांग. बावीस वर्षं तो जहाजाच्या इंजिनखोलीत तेल पुसत होता. त्याच्याबरोबर गेलेल्यांनी गावात दुमजली घरं बांधली. हा परत आला तो एक खोकला आणि दोन बॅगा घेऊन. त्या खोकल्यावरून मी त्याची पुष्कळ टिंगल केली आहे. आता त्याची लाज वाटते.

सुरुवातीला त्याला चाकं धुण्यातलं काही कळत नव्हतं. जहाजावरची सवय, जे दिसेल ते जोर लावून घासायचं. एकदा एका शिक्षिकेच्या नव्या गाडीची चाकं त्याने तारेच्या घासणीने घासली आणि सगळ्या रिमवर ओरखडे पाडले. बाई रडत गेली. हा दोन दिवस शेड बंद करून बसला. तेव्हा शेजारच्या हापशावर मानांग सेपा धुणं धूत होती. ती तिथूनच म्हणाली, "अरे काद्यो, डाग कसला आहे ते आधी विचारावं. तेलाचा आहे, गंजाचा आहे, की रक्ताचा? प्रत्येकाचं औषध वेगळं. तू सगळ्यांना एकाच काठीने बडवतोस. आणि औषध लावलं की जरा गप्प बसावं. त्याला त्याचं काम करू द्यावं."

त्या दिवसापासून काद्यो चाकाशी बसतो तो आधी नुसता बघतो. मानांग सेपा जाता-येता त्याच्या बाटल्या हुंगून बघायची आणि तोंड वाकडं करायची. ती गेली त्या दिवसापासून शेड बंद होती. माझ्या हाकेने तो बाहेर आला, लुमिंगचं म्हणणं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "गाडी सावलीत घे. बारापर्यंत करतो."

मी गाडी सावलीत घेतली, तेवढ्यात मानांग सेपाची धाकटी बहीण, सगळ्या गावाची तिया म्हणजे मावशी, उरिंग, जपमाळ हातात घेऊन धावत आली.

"थांबा! घरात प्रेत आहे. केर काढायचा नाही, काही धुवायचं नाही. घरातला अजून एक जण मरायला हवाय का तुम्हाला?"

आता हे आमच्याकडे कुणीच मोडत नाही. मीसुद्धा नाही. पण काद्यो शांतपणे म्हणाला, "तिया, गाडी घरची नाही, दुकानाची आहे. आणि मी रस्त्याच्या या बाजूला आहे."

"पाणी तर घराकडेच वाहणार ना?"

काद्योने उताराकडे बघितलं. म्हातारीचं खरं होतं. त्याने फावडं घेतलं आणि शेडभोवती वाळूचा बांध घातला. "एक थेंब पलीकडे गेला तर मला शिव्या द्या." तिया उरिंग खुर्ची घेऊन त्या बांधाशेजारीच बसली, पहारा द्यायला.

चाकं गरम होती. गरम चाकावर औषध घातलं की ते वाळून तिथेच चिकटतं, म्हणून अर्धा तास काद्योने हात लावला नाही. मी इकडे घड्याळ बघून हैराण. मग एकेक चाक जॅक लावून काढलं, पाण्याने धूळ उडवली, आणि त्याने बाटल्या मांडल्या. चष्मा लावून प्रत्येकीवरचं वाचलं. भांड्यांच्या साबणाचं पाणी वरच्या मळाला. डांबराच्या ठिपक्यांना रॉकेलचा बोळा. आणि ब्रेकच्या धुळीला एक फवारा, ज्यात ॲसिड नाही. ती धूळ लोखंडाची, रिममध्ये रुतून बसलेली. फवारा मारला की ती जांभळी होऊन ओघळायला लागते आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. तिया उरिंगने नाकाला पदर नसल्यामुळे जपमाळच लावली.

"मानांग सेपा असती तर म्हणाली असती, काद्यो, काय मेलंय रे इथे," तो हसत म्हणाला. दात घासायच्या जुन्या ब्रशने नटांची भोकं साफ करत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. मी दुसरीकडे बघितलं.

साडेअकराला तीन चाकं आतून-बाहेरून रुप्यासारखी झाली. चौथं, उजवीकडचं मागचं, त्याने पुढ्यात घेतलं. बोटभर जागेवर आधी थोडं औषध लावून बघितलं. मग माझ्याकडे वळला.

"याच्यावर काय ओतलं होतंस?"

"मी? साबण."

"तासियो. एकावर दुसरं ओतलं तर कधी कधी विषारी वाफ निघते. खरं सांग."

लुमिंग तेव्हा जवळच उभी होती. तरी मी सांगितलं. गेल्या वर्षी गाडीची तपासणी होती. मी संडास धुवायचं ॲसिड त्या चाकावर ओतलं, झटपट होईल म्हणून. मळ निघाला, पण रिमवर पांढरे धुरकट चट्टे पडले. घाबरून मी बाकीच्या तीन चाकांना हातच लावला नाही. आणि त्या चट्ट्यांवर मळ बसू दिला, कुणाला दिसू नये म्हणून.

"म्हणजे वर्षभर मुद्दाम घाण ठेवलीस?" तिया उरिंग म्हणाली.

काद्योने ते चाक साबणाने धुतलं, फवारा मारला, पुसलं, पुन्हा धुतलं. मळ सगळा गेला आणि चट्टे आणखी ठळक दिसू लागले. बारा वाजून गेले. चर्चची पहिली घंटा झाली. काद्यो गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि लुमिंगसमोर मान खाली घालून उभा राहिला.

"बाळ, हा मळ नाही. धातू जळलाय. हे निघायचं नाही. तिच्यासाठी चारही चाकं करायची होती मला. तीनच झाली."

लुमिंग खाली बसली. त्या ओल्या रिमवर तिने तळवा ठेवला. मला वाटलं, आता ही पेटी उचलू देणार नाही, आणि दोष सगळा माझा.

"आईचे हात असेच झाले होते," ती म्हणाली. "ब्लीचने. इथे, आणि इथे, बोटांच्या मागे. ती पाहुण्यांसमोर हात मांडीखाली लपवायची." मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "राहू दे. बसव ते चाक."

साडेबाराला मी गाडी अगदी हळू काढली. सगळा गाव मान खाली घालून मागून चालत होता, काद्यो शेवटच्या रांगेत, खोकत. लुमिंग मागून चाललीच नाही. ती उजवीकडे, त्या चट्ट्यांच्या चाकाशेजारून, गाडीवर हात ठेवून चालत होती. चर्चच्या वळणावर मला आरशात ती वाकलेली दिसली, खांदे हलत होते. मी ब्रेक दाबला आणि तिचं रडणं होईपर्यंत गाडी तिथेच थांबवून ठेवली.