आग्या सरांची चार घरं

आमच्या गणिताच्या सरांना पोरं आग्या सर म्हणत, आग्यामोहोळावरून. उत्तर चुकलं तर ते काही बोलत नसत. पण कुणी "असंच असते सर" म्हटलं की त्यांचे कान लाल होत. "असंच असते, हे कोनं ठरवलं बे?"

आमच्या गावी, वडनेर भोलजीला, विहीर बाबा आणि दोन काका अशा तिघा भावांत सामाईक. पाणी तिघांना पुरत नसे. पहिली पाळी ज्याची, त्याचाच हरभरा साधे. पाळी दोन नाणी उडवून ठरायची. दोन्ही छापे पडले तर मोठे काका, दोन्ही काटे तर बाबा, एक छापा एक काटा तर मधले काका. जवळजवळ निम्म्या वर्षी पाणी मधल्या काकांकडेच जाई. आई म्हणायची, त्यांचं नशीबच जोरदार. दहावीत संभाव्यता शिकवताना सरांनी घरचं उदाहरण विचारलं, तर मी हेच सांगितलं.

सरांनी खडू आपटला. फळ्यावर चार घरं काढली: छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. "चारी घरं सारखीच. तुह्या बापाले एक, मोठ्या काकाले एक, आन् मधल्याले दोन. हे नशीब हाय का?"

पाळीच्या दिवशी ते स्वतः विहिरीवर आले. मधले काका हसून म्हणाले, छापा-काटा काय न् काटा-छापा काय, एकच की मास्तर. सरांनी एक रुपयाचं आणि एक पाचाचं नाणं काढून विहिरीच्या काठावर मांडलं. रुपया छापा, पाच काटा. मग दोन्ही उलटवली. काकांचं हसू गेलं. आमच्या घरात पडू नका, म्हणाले. बाबाही खालमानेनं म्हणाले, राहू द्या सर, भाऊच हाय.

तेव्हा सर काकांना सोडून बाबांवर उसळले. "लुबाडणाऱ्याचा राग येतेच. पन गप बसणाऱ्याचा मले जास्त येते. या पोराले मंग मी शिकवू काय?"

बाबांनी काठावरची ती दोन नाणी उचलली. मग हळूच म्हणाले, रुपया छापा न् पाच काटा पडला तरच मधल्याची पाळी. उलट पडलं तर पुन्हा उडवू. मोठ्या काकांनीही मान डोलावून 'हाव' म्हटलं. त्या वर्षी पाणी मोठ्या काकांकडे गेलं, पण बाबा घरी ताठ चालत आले.

पुढे मी शाळा सोडली. सर दारात उभे राहून आम्हा सगळ्यांना बोलले, पाणीही न पिता गेले. आता मी सुरतेला कापडाच्या कारखान्यात आहे. परवा गावाहून फोन आला, सर गेले. तेरवीला जायचं होतं. सुट्टी एक, मागणारे आम्ही तिघं. सुपरवायझरनं दोन नाणी काढली. एक छापा एक काटा पडला तर आमच्यातला त्याचा मेहुणा जाणार, दोन्ही छापे तर तिसरा, दोन्ही काटे तर मी, म्हणाला.

कामावरून काढतील अशी भीती होती. तरी विचारलं, "हे कोणी ठरवलं?" आणि टेबलावर रुपया न् पाचाचं नाणं मांडलं. तो चिडला, पण बाकीचे बघत होते, म्हणून बाबांचाच नियम त्याला मान्य करावा लागला.

नाणी उडाली. दोन्ही छापे पडले, सुट्टी तिसऱ्याच माणसाची झाली. त्या नाण्यांचा मला राग आला नाही. राग आला तो सर गेल्याचा. तो अजून उतरलेला नाही.