मास्तरांच्या फलकावरची ओळ

ते प्रकरण मला आजही आठवतं, आणि आठवलं की बरं वाटत नाही. नोकरीत माणसांवर विश्वास ठेवून मी क्वचितच फसलो, कारण विश्वास ठेवायच्या भानगडीत फारसा पडलोच नाही. बायको म्हणते, तुम्ही दूधवाल्याच्या कॅनकडेसुद्धा आरोपीकडे बघावं तसे बघता. खरं आहे ते. या प्रकरणातही मी सगळ्यांवर संशय घेतला. एकच माणूस तेवढा सुटला.

शेवगाव रस्त्यावरच्या एका मोठ्या गावात तेव्हा मी सहायक पोलीस निरीक्षक होतो, ठाणं माझ्याकडे होतं. नावं कोणाचीच सांगत नाही. गावाच्या एसटी स्टँडवर भिंतीला एक काळा फलक होता. निवृत्त झालेले एक ख्रिस्ती शिक्षक तो रोज सकाळी आठला खडूने लिहायचे. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणे. लाईट कधी जाणार, नळ कोणत्या आळीला येणार, कांद्याचा भाव, कोण वारलं, ग्रामसभेत काय ठरलं, ठरलेलं झालं का आणि पंचायतीने काय दाबून ठेवलंय, एवढंच त्यावर असे. जाहिरात नाही, कोणाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा नाहीत. फलकाचा फोटो गावच्या ग्रुपवर जायचा आणि तिथून पुण्या-मुंबईला गेलेल्या पोरांपर्यंत. पेपरात काही छापून आलं तर पुढारी हसून सोडून देत, पण फलकावर आलं की त्यांचा चहा कडू व्हायचा.

निवडणूक तोंडावर होती. रविवार होता, आठवडे बाजाराचा दिवस. साडेआठच्या सुमाराला आमचा गोपनीयचा हवालदार क्वार्टरवर आला. गावात काय शिजतंय त्याची खबर काढून रोज वर अहवाल पाठवायचा, हे त्याचं काम.

"सायब, मास्तरांनी फलकावर लिवलंय, टाकीच्या पान्यात इख टाकलंय म्हनून. लोकं पंचायतीवर चाललेत."

"फलक कुणी हलवू नका म्हणावं."

"फलक म्या पुसला, सायब. लोकं लई भडकली असती. फोटो काढून ठिवलाय."

पुरावा पुसला म्हणून मी त्याला चार शब्द सुनावले आणि गाडी काढली. पंचायतीच्या काचा फुटल्या होत्या. बाया लेकरांना काखेत मारून दवाखान्याकडे पळत होत्या, आणि त्या गर्दीत एका म्हातारीचा हात मोडला होता. टाकीचं पाणी बंद केलं, जमाव पांगवला. विषबाधेचा एकही रुग्ण दवाखान्यात आला नाही. म्हणजे अफवा होती, आणि अफवेला मालक हवा होता.

मास्तरांना मी चर्चमधून उचललं. उपासना चालू होती. मी दारातून बोटाने खूण केली, ते गाण्याचं पुस्तक बाकावर ठेवून बाहेर आले. सगळं चर्च मागे वळून बघत होतं. उपासना संपेपर्यंत मी थांबू शकलो असतो.

ठाण्यात त्यांना तासभर नुसतं बसवून ठेवलं, पाणीही विचारलं नाही. ही आमची जुनी पद्धत. माणूस आपण होऊन बोलायला लागतो. मास्तर बोलले नाहीत. मग मी फोटो पुढे टाकला.

"अक्षर कोणाचं?"

त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं. "माझ्यासारखं आहे. माझं नाही. रविवारी मी उपासना झाल्यावर लिहितो, अकराच्या पुढे. आठ वाजता मी चर्चमध्ये बाकं पुसत होतो."

"बाकं पुसायच्या आधी लिहून येणं काही अवघड नाही. मोबाईल द्या."

"तसा काही लेखी आदेश आहे का, साहेब?"

"मास्तर, इथं शाळा भरलेली नाही."

मोबाईल मी त्यांच्या हातातून घेतला. त्याला लॉकही नव्हतं. त्यात एका सरकारी कागदाचा फोटो सापडला. गावच्या टाकीच्या पाण्याच्या तपासणीचा अहवाल, शेरा 'पिण्यास अयोग्य', आणि कागद आठ दिवसांचा जुना. पंचायतीने तो दाबून ठेवला होता. पाठवणारी आरोग्य केंद्रातली एक कंत्राटी कर्मचारी होती, पाण्याचे नमुने गोळा करणारी बाई. मी तिचं नाव मोठ्याने वाचलं आणि गोपनीयच्या हवालदाराला म्हटलं, लिहून घे.

"हा अहवाल तुम्हाला हिने दिला?"

"ते मी सांगणार नाही."

"मला दिसतंय की."

"तुम्हाला दिसतंय, साहेब. मी सांगितलेलं नाही." मग म्हणाले, "आज मी हाच अहवाल लिहिणार होतो. खरी बातमी खिशात असताना मी विष कशाला लिहीन? उद्या विष खोटं ठरलं की माझा अहवालही खोटाच ठरेल ना?"

बोलणं बिनतोड होतं. पण बिनतोड बोलणाऱ्याचा मला जास्तच संशय येतो. अहवाल हातात आला आणि मास्तरांनी तिखटमीठ लावलं, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

दुपारी स्टँडवर चौकशीला गेलो. फलकासमोर चहाची टपरी चालवणाऱ्या बाईंना विचारलं.

"म्या टपरी उघडली तवा ते लिवलेलंच हुतं," त्या म्हणाल्या. "पन रयवारी मास्तर अकराबिगर येत न्हाईत. ज्यो रोज फलक वाचतो त्याला ठावं हाय ते."

मास्तर रोज त्यांच्याकडे चहा घेतात. म्हणून हा जबाबही मी अर्धाच धरला.

संध्याकाळी पंचायतीतले एक वजनदार पदाधिकारी आले. मास्तरांना जिल्ह्यातून तडीपार करा आणि त्या भिंतीला चुना लावायची परवानगी द्या, अशी त्यांची मागणी. अर्ज टाईप करूनच आणला होता. पंचायतीच्या काचा फुटल्या आणि हा माणूस मात्र इस्त्रीच्या कपड्यांत निवांत, हे मला खटकलं. तरी अर्ज मी ठेवून घेतला. मास्तर त्या दिवशी ठाण्यातच राहिले.

सोमवारी दहाच्या आत त्यांना दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करायचं होतं. प्रतिबंधक कारवाईचे कागद तयार करताना जोडायला म्हणून रविवारच्या गोपनीय अहवालाची आमच्याकडची प्रत मी फाईलमधून काढली. त्यात लिहिलं होतं, 'आज रोजी सकाळी आठ वाजता मास्तर यांनी नेहमीप्रमाणे वार्ताफलक लिहून टाकीत विष टाकल्याची अफवा पसरविली.' मजकूर मला हवा तसाच होता. फक्त जावक क्रमांक खटकला. जावक नोंदवही मागवली. तो क्रमांक शनिवारचा होता, शनिवारी संध्याकाळी पाच वाजताचा.

ज्यांनी पोलीस ठाणं आतून बघितलेलं नाही त्यांना हे सांगायला हवं. रविवारी बाजाराचा बंदोबस्त असतो, लिहायला वेळ मिळत नाही. म्हणून आमचा हवालदार रविवारचा अहवाल शनिवारीच लिहून, जावक करून ठेवायचा. 'आठवडे बाजार सुरळीत, परिस्थिती शांत' हे लिहायला रविवार कशाला उजाडायला हवा? मीही त्या कागदांच्या गठ्ठ्यावर न वाचता सह्या करायचो. त्या प्रतीवर खाली माझी सही होती. फलक लिहिला जाण्याच्या आदल्या दिवशी मी त्या गुन्ह्यावर सही केली होती.

हवालदाराला आत घेतलं, दार लावलं, नोंदवही उघडून पुढे ठेवली. त्याने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"शनवारी लिवायची सवय, सायब. हात चालला."

"कोणी सांगितलं लिहायला?"

"तुमाला ठावं हाय की. काल अर्ज घिऊन आलते त्ये इस्त्रीवाले. म्हनले, उद्या असं असं हुनार हाय, फलक लगीच पुसून टाका."

फलकावरची ओळ लिहिली होती त्या पदाधिकाऱ्याचे निवडणुकीचे बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरने. कोणाचंही अक्षर हुबेहूब काढणारा माणूस. तो दहा मिनिटांत कबूल झाला. अहवाल फुटलाय हे पंचायतीतल्या त्या लोकांना कळलं होतं, कोणी फोडला ते नाही; मास्तर तो लिहिणार हे ओळखलं होतं, म्हणून खऱ्या बातमीच्या आधी खोटी पुढे केली. रविवारी मास्तर उशिरा लिहितात हे मात्र त्यांच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं. फलकावर ते इतकं चिडायचे, पण रोज वाचत कोणीच नव्हतं.

मास्तर सुटले. पेंटरवर गुन्हा दाखल झाला, हवालदार निलंबित झाला. लेखी जबाबात दोघांनीही पदाधिकाऱ्याचं नाव घेतलं नाही, त्यामुळे ते इस्त्रीच्या कपड्यांतच राहिले. टाकी धुतली गेली. माझी वरिष्ठांनी पाठ थोपटली, आणि खरं सांगतो, मलाही माझं कौतुक वाटलं.

तीन आठवड्यांनी मास्तर मोबाईल परत न्यायला आले. पावतीवर सही केली, बसले नाहीत.

"साहेब, त्या बाईंचं कंत्राट काढून घेतलं. कारण दिलं नाही. मी नाव सांगितलं नव्हतं. त्यांनी स्वतः तर सांगितलं नसणार. मग ते पंचायतीत कसं गेलं?"

उत्तर मला ठाऊक होतं. त्या रविवारी, याच टेबलाशी, मी ते नाव मोठ्याने वाचलं होतं, आणि ज्याला लिहून घे म्हटलं तो दुसऱ्यांचा माणूस होता. त्याने नेलं हे खरं, पण हातात दिलं मी. मोबाईल उघडायचा मला अधिकार नव्हता, हे मास्तरांनी तेव्हाच विचारलं होतं, आणि मी त्यांना शाळेवरून टोमणा मारला होता. त्याची मला आजही लाज वाटते.

मी त्या बाईंना शोधून माफी मागायला गेलो होतो. त्यांनी दार उघडलं, मला ओळखलं आणि शांतपणे लावून घेतलं.

निवृत्त होऊन मी आता नगरला राहतो. त्या फलकाचा फोटो रोज सकाळी माझ्या मोबाईलवर येतो, रविवारी अकरानंतर. लाईट, नळ, कांदा, कोण वारलं, सगळं असतं. पंचायतीत काय दाबून ठेवलंय ते मात्र आता त्यावर कधीच नसतं. मागच्या महिन्यात त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा धीर करून मास्तरांना विचारलं, आतल्या बातम्या लिहिणं सोडलं का?

ते खडूचे हात झटकत म्हणाले, "मी कुठं सोडलं, साहेब? मला सांगायला आता कोणी येत नाही."