आधी बोलते, मग ओटी भरा

आत्या गेल्याचा निरोप गावाकडून दूध घेऊन येणाऱ्या माणसानं आणला. सायकल दाराशी टेकवून तो उगाच कॅनच्या झाकणाशी चाळा करत राहिला. आई चहा टाकायला उठली तेव्हा म्हणाला, "च्या ऱ्हाऊ द्या, वहिनी. गयाबाई गेल्या पहाटं." आई तिथंच उंबऱ्यावर बसली. श्रीरामपूरहून आमचं गाव एसटीनं अर्ध्या तासावर. आम्ही पोचलो तोवर आत्याला अंघोळ घालून, हिरवं लुगडं नेसवून दारात आणून ठेवलं होतं. तिचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, भिंतीला टेकून बसले होते. नवऱ्याच्या आधी गेली, भाग्याची गेली, असं म्हणत बायका एकेक करून पुढं येत होत्या आणि तिची ओटी भरत होत्या. तांदूळ, खण, नारळ... मला ते बघवेना. याच माझ्या आत्यानं एकदा भर सभेत ओटी अडवली होती, आधी बोलते मग भरा म्हणून. आता कुणीही यावं आणि भरावी.

घरातलं दुःख चव्हाट्यावर मांडायची आमच्याकडे रीत नाही, आणि मीही हे लिहिलं नसतं. पण आत्याचा तेरावा होतो न होतो तोच याच पुरवणीत श्रीरामपूरच्या एका मंडळाच्या चिटणिसांचा लेख आला. मंद आणि अपंग मुलांसाठी मंडळानं दोन उन्हाळे सुट्टीतला वर्ग चालवला, तो "पालकांच्या उदासीनतेमुळे" बंद करावा लागला, असं त्यात होतं. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या, पण लोकांना त्याचं काही नाही, असा एकूण सूर. मी तो लेख दोनदा वाचला. ज्या पालकानं त्या वर्गाबद्दल तोंड उघडलं होतं तिची राख अजून गार झाली नव्हती. म्हणून लिहिते आहे. करून सवरून नामानिराळं राहायची ही तऱ्हा मला सहन होत नाही.

आत्याची सुशी आज चौदा वर्षांची आहे. तिला चार-पाच शब्द येतात, चालते तिरकी, आणि पाणी दिसलं की तिकडे धावते. घरापासून हाकेच्या अंतरावर पाट. एकदा पाटात पडली, कुणी गुराख्यानं झिंज्या धरून काढली. तेव्हापासून आत्या आणि मामा रानात जाताना तिला ओसरीवरच्या मेढीला बांधून जायचे. पायाला सोल, म्हणजे जाड दोर, बांधायचा, जवळ पाण्याचा तांब्या आणि भाकरी ठेवायची. गावात कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. आत्याला वाटत होतं की नाही, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. पण सुशीच्या घोट्यावरच्या वळाला ती रोज खोबरेल लावायची, तेवढं मी पाहिलं आहे.

मंडळाचा वर्ग निघाल्याचं आत्याला मीच कळवलं. मी श्रीरामपुरात प्राथमिक शाळेत शिकवते. मे महिन्यात शाळा रिकामी, तिथल्याच दोन खोल्यांत हा वर्ग भरणार होता. आत्या सुशीला घेऊन महिनाभर आमच्याकडे राहायला आली. पहिल्या दिवशी सुशी वर्गाच्या दारातून आत पाऊल टाकेना. वर्गावरच्या बाई पुण्याहून आलेल्या, वयानं लहान, पण शहाण्या. त्यांनी ओढाताण केली नाही. दारातच बसकर टाकलं आणि तिच्याशेजारी बसून मणी ओवत राहिल्या. तिसऱ्या दिवशी सुशी आत होती. प्रत्येक मुलाला खाकी कापडाची एक पिशवी दिली होती, तिच्यात वाटी आणि पंचा. सकाळ झाली की सुशी पिशवी गळ्यात अडकवून दारात उभी. महिन्याच्या शेवटी ती स्वतःचा परकर स्वतः नेसायला लागली. आत्या चुलीपुढं बसून रडली आणि मला म्हणाली, "कमे, कुनाला सांगू नको, दिष्ट लागंल."

शेवटच्या दिवशी समारंभ. टेबलावर चादर, हार, कर्णा, नगरहून आलेले पाहुणे. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी ठरवलं होतं की आलेल्या प्रत्येक आईची आधी ओटी भरायची आणि मग तिनं माइकसमोर येऊन वर्गाविषयी आपलं मत सांगायचं. त्यांनी हे कपटानं केलं असं मी म्हणणार नाही. त्यांना तो मान वाटला. पण जिच्या पदरात तुम्ही आत्ताच खण-नारळ घातला ती बाई तुमच्या तोंडावर तुमच्यात खोट काढेल? आमच्याकडे ओटी घेतलेल्या घराचं वाकडं बोलत नाहीत, हे अध्यक्षीणबाईंना माहीत नव्हतं असं थोडंच आहे... एकेक आई पदर सावरत यायची, "लई ब्येस झालं, बाईंचे उपकार हायेत" म्हणायची आणि नारळ पोटाशी धरून खाली उतरायची. आत्याही तेच म्हणाली. टाळ्या झाल्या. पाहुणे म्हणाले, पालक किती समाधानी आहेत पाहा.

आणि मग वर्ग संपला. मुलं घरी गेली, मंडळ घरी गेलं. जूनमध्ये मी गावी गेले तर सकाळी सुशी गळ्यात पिशवी घालून दारात उभी. आत्या म्हणाली, रोज उभी राहते. वर्ग संपला हे तिला कसं सांगायचं? ना तिला महिना कळतो, ना सुट्टी कळते. पेरणीचे दिवस होते, मामा बैल घेऊन पुढं गेले होते. आत्या सोल घेऊन आली. आधी सुशी सोलाला ओढायची, चावायची. आता तिनं काही केलं नाही. पाय पुढं केला आणि आईच्या तोंडाकडे बघत राहिली. आत्यानं गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली आणि रानात निघून गेली. संध्याकाळी ती जेवली नाही. "तिला वाटतंय, आपुनच कायतरी चुकलो म्हनून आपल्याला काढून टाकलं," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा वर्ग भरला. आत्या यायला तयार नव्हती. सुशीला एसटीत बसवलं तेव्हा ती पोरगी इतकी हसली की आत्याला परत फिरता येईना. महिना छानच गेला, खोटं कशाला सांगू. पुन्हा समारंभ, पुन्हा चादर, हार, कर्णा. अध्यक्षीणबाई ताट घेऊन आत्यापुढं आल्या. आत्यानं पदर पुढं केलाच नाही.

"बाई, आधी बोलते, मंग भरा."

अध्यक्षीणबाई हसल्या. "अहो, आधी ओटी, मग मत, असं ठरलंय कार्यक्रमात."

"वटी भरल्यावर माझ्या तोंडून वंगाळ निघायचं न्हाई. म्हनून म्हनते."

आणि ती माइकसमोर गेली. माझी आत्या, जी गावच्या पाटलासमोर कधी डोक्यावरचा पदर खांद्यावर येऊ द्यायची नाही. "हितं पोरीला कुनी मारलं न्हाई, कुनी येडी म्हनलं न्हाई. बाईंनी लई जीव लावला. पर मागल्या साली वर्ग सपला आन् पोरगी दिवाळीपत्तुर रोज पिशवी घिऊन दारात उभी ऱ्हायली. घरी आमी तिला बांधून ठिवतो. पाट हाय, रान हाय, काय करावं? तुमी तिला महिनाभर सोडली. आता महिनाभर सोडल्यालं लेकरू परत बांधायचं कसं, त्ये बी आमाला शिकवा. आठवड्यातून येक दीस तरी चालवा. आमी आनू, चालत आनू. येवढं बी जमत नसंल, तर मंग पुढल्या साली बोलवू नका."

ती परत जागेवर आली आणि पदर पसरून उभी राहिली. बोलून झालं होतं, आता तिची ओटी घ्यायला ना नव्हती. पण अध्यक्षीणबाई ताट घेऊन पुढच्या आईकडे गेल्या होत्या. आत्या थोडा वेळ तशीच उभी होती. मग तिनं पदर आवरला, सुशीच्या गळ्यातली पिशवी नीट केली आणि आम्ही घरी आलो. वाटेत मला म्हणाली, "लई बोलले का गं?" मी म्हटलं, कमीच बोललीस.

पुढच्या उन्हाळ्यात वर्ग झाला नाही. मी चिटणिसांना भेटायला गेले. ते म्हणाले, "तुमच्या आत्यांनीच तर सांगितलं, बोलवू नका." मी म्हटलं, त्याच्या आधीचं वाक्य? आठवड्यातून एक दिवसाचं? ते म्हणाले, "दुष्काळ पडलाय बाई, लोक खडी फोडताहेत, आणि तुम्ही हे काय घेऊन बसलात." दुष्काळ खोटा नव्हता. पण तोवर आत्याचं ते एक वाक्य गावोगाव पोचलं होतं. शेजारच्या वस्तीवरच्या भामाबाईचा मुका मुलगा त्या वर्गात होता. तिनं भर बाजारात आत्याला ऐकवलं, "उचलली जीभ आन् लावली टाळ्याला. सोताच्या तोंडानं आमच्या लेकरांचं घालवलंस." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. भामाबाई त्यानंतर तिच्याशी बोलली नाही, ती थेट आत्या गेली त्या दिवशी आली. ओटी भरताना तीच सगळ्यांत मोठ्यानं रडली. मला तिचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

दुसऱ्या वर्गावरून घरी परतल्याच्या दिवशीच आत्यानं तो सोल चुलीत घातला होता. "ह्यापुढं बांधायची न्हाई," मामांना म्हणाली. मामा वाईट माणूस नाहीत, पण चिडले. "आन् पाटात गेली म्हंजी?" "मी हाय की." झालं, तेव्हापासून सुशी तिच्या पाठीला. खुरपायला सुशी, पाण्याला सुशी, दुष्काळी कामावर खडीच्या ढिगाशी सुशी. आणि रोज सकाळी, काहीही झालं तरी, आत्या तिला घेऊन एसटी थांबते त्या कडुनिंबाखाली जाऊन बसायची. सुशीच्या गळ्यात पिशवी. श्रीरामपूरची गाडी यायची, माणसं चढायची, गाडी जायची. मग आत्या उठून म्हणायची, "गाडी भरली, सुशे. उंद्या जाऊ." सुशी मान हलवायची आणि दोघी घरी परतायच्या. दारात वाट बघत उभं राहण्यापेक्षा हे बरं, असं आत्याचं म्हणणं. गाव हसायचं. कंडक्टरसुद्धा हसायचा, पण गाडी सुटताना सुशीसाठी घंटी एकदा जास्त ओढायचा.

या पावसाळ्यात आत्याला ताप येऊ लागला. श्रीरामपूरच्या दवाखान्यात दाखल व्हा, असं गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे मला तेराव्याला कळलं. मामा म्हणाले, "म्या लई म्हनलं. ती म्हनायची, सुशीला कुठं ठिवू? मी ठिवतो म्हनलं, तर म्हनली, तुमी बांधाल." मला निरोप का नाही पाठवला, असं विचारलं. "ती नगं म्हनली. कमीची शाळा हाय म्हनली."

तर चिटणीस, तुमचा उदासीन पालक तो हा. तुम्ही लोकांचं मत मागितलंत, एकीनं खरं सांगितलं, आणि तुम्हाला त्यातलं फक्त दार लावायच्या सोयीचं ऐकू आलं. आता म्हणे पुन्हा वर्ग काढायचा विचार आहे, चांगला प्रतिसाद मिळाला तर. ओट्या भरा, मिळेल.

सुशीला मी घेऊन जाते असं मामांना म्हटलं. ते म्हणाले, "घरची ल्येक दुसऱ्याच्या दारात ठिवली तर गावाला तोंड कसं दाखवू?" पुन्हा विचारीन, पुन्हा पुन्हा विचारीन. गेल्या रविवारी गेले होते. मामा रानात होते, घराला नुसती कडी. ओसरीवर सुशी बसली होती, पिशवी गळ्यात, आणि पाय मेढीला बांधलेला. सोल नव्हता. आत्याचं रोजचं जुनं लुगडं उभं फाडून त्याची वेणी घातली होती, म्हणजे पायाला काचू नये. मामांनीच घातली असणार. मी गाठ सोडायला वाकले तर सुशीनं माझा हात बाजूला केला. त्या लुगड्याचं मोकळं टोक तिनं मुठीत धरलं होतं, आणि ते ती सोडेना.