टोरांटो ते लातूर, सोळा तास

गेल्या वैशाखात लातूरला माझ्या मुलीचं लग्न दुपारी साडेबाराच्या मुहूर्तावर संध्याकाळी सहाला लागलं.

एवढ्या उशिराची आमच्याकडे बातमी होत नाही. पण पेपरच्या डेस्कवर आयुष्यभर दुसऱ्यांच्या वेळा तपासल्यामुळे मी ठरवलं होतं, हे लग्न वेळेवर लागणार. नायगावच्या व्याह्यांना रोज फोन करून तसं बजावत होतो. (शेवटी शेवटी ते विहीणबाईंना फोन उचलायला लावत.)

प्रश्न फक्त मुलीच्या मामाचा होता. मंगलाष्टकांच्या वेळी मामा मुलीच्या पाठीमागं उभा राहतो, आणि बायकोचा एकुलता एक भाऊ सुधाकर कॅनडात. त्यानं फोनवर विचारलं, "दाजी, सुट्टी मोजकीच हाय. कधी निघू?"

मी इंटरनेटवर पाहिलं. टोरांटो ते लातूर, विमानानं सोळा तास.

"शुक्रवारी संध्याकाळी निघा. शनिवारी रात्री इथं जेवायला."

"हाव? तुम्ही पेपरवाले. म्हणता म्हंजे बरोबरच असंल."

शनिवारी जेवायच्या वेळेला त्याचा फोन आला. तो आखातातल्या एका विमानतळावर बसला होता. पुढचं विमान पहाटे, तेही हैदराबादचं. तिथून गाडीनं लातूर, म्हणजे रविवारची संध्याकाळ. लग्न रविवारी दुपारी.

बायकोनं शांतपणे विचारलं, "सोळा तास कुठून काढले?"

मी वेबसाइट दाखवली. ती कुठल्याही दोन गावांमधलं अंतर सरळ रेषेत मोजून वेळ सांगत होती. त्या वाटेनं विमान जातं का, हा तिचा विषय नव्हता. (खात्रीसाठी मी देगलूर ते टोकियो पाहिलं. तेही निघालं.)

"आवो, लातूरला कॅनडाचं विमान उतरतं का?"

"न्हाई."

"मग ऐका. माझा भाऊ आल्याबिगर अंतरपाट धरू देणार न्हाई."

आता आशा एवढीच, की वऱ्हाड नेहमीसारखं उशिरा येईल. वऱ्हाड सकाळी नऊलाच दारात. व्याही मनगटावरचं घड्याळ दाखवत म्हणाले, "बघा पाव्हणं. तोंड न्हाई राहिलं तुम्हाला बोलायला."

मी नाश्ता दोनदा दिला. मग मारुतीच्या देवळापासून मंडपापर्यंत नवरदेवाची मिरवणूक निघाली. एरवी वरपक्षाची पोरं नाचत राहतात आणि मुलीचा बाप घाई करतो. ही पोरं झपाझप चालू लागली. मी आडवा गेलो.

"नाचा की रे."

"काका, लई ऊन हाय. अन् तुम्हीच वेळेवर म्हणून राहिलते."

"पाणी आणतो. सरबत आणतो."

बँडवाला जवळ आला. "साहेब, गाणी संपली."

"पहिल्यापासून घ्या."

देऊळ मंडपापासून हाकेच्या अंतरावर होतं. पोचायला तीन वाजले. मग मी आधी पंगती उठवल्या. भटजींना दोनदा वाढलं.

सुधाकर विमानातल्याच कपड्यांत आला आणि मुलीच्या पाठीमागं उभा राहिला. तिसऱ्या मंगलाष्टकेला त्याला उभ्याउभ्या झोप लागली. बायकोनं त्याला दंडाला धरून ठेवलं होतं.

लग्नाचा व्हिडिओ आता हाती आला आहे. नवरदेवाच्या घोड्यापुढं, भर उन्हात, एकटाच नाचणारा इसम मुलीचा बाप आहे.