दिनानाथांनी काढून टाकायचा बिघाड

रोह्याचे दिनानाथ बातम्या लावून देतात. हाच त्यांचा धंदा. कराटेचा क्लास असो, पतपेढीची शाखा असो, कुणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध असो. दिनानाथ प्रेसनोट लिहितात, वार्ताहरांना चहा-भजी देतात आणि चार दिवसांनी साप्ताहिकात ‘दिमाखदार सोहळा संपन्न’ छापून येतं. वीस वर्षांत या माणसाला ‘दिमाखदार’ सोडून दुसरा शब्द सुचलेला नाही. बातमी कशाची, हे त्यांना विचारू नये. नावं कुणाकुणाची, ते विचारावं, पाठ असतात.

अशा माणसाच्या हाती मी माझी मुलगी किमया सोपवली, कारण दुसरं कुणी माहीत नव्हतं.

किमयाने सत्त्याण्णव साली पेणच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये बसून एक खेळ तयार केला. पडद्यावर गणपतीची मूर्ती, आणि आपण तिचे डोळे आखायचे. हिच्या वडिलांनी बजावलं होतं, दसऱ्यापर्यंत मुंबईच्या पेपरात दोन ओळी आल्या तर पुढे शिकायला मुंबईला जा. नाहीतर रोह्याच्या एका कंपनीत टायपिस्टची जागा आहे. त्यांना खेळातलं काही कळत नाही, पेपरातलं कळतं. मला त्या जागेची धास्ती होती. बी.ए. होऊन मीही अशाच एका खुर्चीवर बसले होते आणि तिथून थेट बोहल्यावर चढले.

मुंबईच्या एका दैनिकात एक बाई दर शनिवारी कॉम्प्युटरवरच्या खेळांबद्दल लिहायच्या. दिनानाथ म्हणाले, त्यांना आपण धरू.

“पण वहिनी, आधी उद्घाटन पायजे. उद्घाटनाशिवाय बातमी होत नाय.”

“खेळाचं उद्घाटन?”

“मग? कॉम्प्युटरला हार घालू.”

हार घातला. नारळही फोडला, त्याचं पाणी कीबोर्डात गेलं. प्रेसनोटमध्ये सतरा नावं आली. मी ‘मातोश्री’ म्हणून सातवी, किमया सोळावी. ते मला तेव्हा खटकलं नाही, हेही लिहून ठेवते. खेळात काय करायचं असतं याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. पाकीट चिकटवण्याआधी किमयाने गुपचूप फ्लॉपी आत सरकवली.

दसऱ्याला आठ दिवस उरले असताना दिनानाथ हसतच दारात आले.

“त्या बाईंचा फोन आला होता माझ्याकडं. खेळून बघितला म्हणे. आता पत्रकारानं खेळत बसायचं असतं व्हय? पण मी सांभाळून घेतलं.”

“काय सांभाळलं, काका?” किमयाने विचारलं.

“त्या म्हणाल्या, डोळा आखताना रेघ थरथरते, ते मुद्दाम केलंय का? मी म्हटलं, माफ करा मॅडम, पोरगी नवीन हाय, बिघाड काढून टाकायला सांगतो.”

किमया उठली. चपला घालून एसटी स्टँडसमोरच्या एसटीडी बूथवर गेली. मी मागोमाग.

“थरथर मुद्दाम आहे,” ती फोनवर त्या बाईंना सांगत होती. “इथे पेणजवळ जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यात जनूकाका मूर्तीचे डोळे आखताना श्वास धरतात. खेळात स्पेसबार दाबून ठेवला की श्वास धरला जातो, रेघ सरळ येते. फार वेळ धरला तर अंधारी येते.” मग ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, “हो. डावा डोळा जास्त अवघड आहे.”

शनिवारी सहा ओळी छापून आल्या. त्यात नाव एकच होतं. हिच्या वडिलांनी त्या दोनदा वाचल्या आणि संध्याकाळी मुंबईतल्या वसतिगृहाची चौकशी केली.

सोमवारी दिनानाथ हजर. हातात कात्रणाच्या झेरॉक्स, वर स्वतःच्या अक्षरात ‘आमच्या प्रयत्नांना यश’. सत्काराची प्रेसनोटही तयार होती, अठरा नावांची.

“काका, तुम्ही एकदा खेळून तर बघा,” किमया म्हणाली आणि त्यांना क्लासमध्ये घेऊन गेली. मीही गेले. तिने स्पेसबार दाखवला. त्यांनी ऐकलं नाही. डोळा आखता आखता ते अध्यक्ष कुणाला करायचं, प्रमुख पाहुणा कोण, हार कुणाकडून आणायचे ते सांगत राहिले. ज्यांचं तोंड मिटत नाही ते श्वास कुठला धरणार? डोळा सोंडेवर उतरला.

खुर्ची मागे सारून ते माझ्याकडे वळले.

“बघा वहिनी. मी त्या मॅडमना म्हटलं तो हाच बिघाड.”