आमच्या घरातलं 'बघू'

आमच्या घरात 'बघू' हा शब्द 'नाही' म्हणण्यासाठी वापरतात. सुट्टीत कुठे जायचं का, असं नवऱ्याला विचारलं की तो मोबाइलमधून मान वर न काढता बघू म्हणतो. माझी आई वाकोल्याला आमच्याकडेच राहते, तीही बघू म्हणते. मग मी एकटीच बघत बसते: हॉटेलं, गाड्यांच्या वेळा, अनोळखी लोकांनी काढलेले बाथरूमचे फोटो.

माझा स्वभावच तसा. एकदा ठरवायला बसले की मला काही सोडवत नाही. मागच्या वर्षी राजस्थानचा बेत होता. आठ दिवस, सहा शहरं, वहीत रंगीत पेनांनी आखलेले रकाने. एक हॉटेल स्टेशनपासून लांब, दुसऱ्याला लिफ्ट नाही, तिसऱ्यात कुणाला तरी झुरळ दिसलेलं. दोन महिने डोकं पिकवून घेतलं आणि शेवटी वैतागून वही मिटली. सुट्टीत जुहूला जाऊन भेळ खाऊन आलो, ती तर आम्ही एरवीही खातोच.

यंदा आईला काचबिंदू निघाला. बाजूचं दिसणं गेलंय ते परत येणार नाही, उरलंय ते औषधाचे थेंब घालून टिकवायचं, असं डॉक्टर म्हणाले. किती दिवस टिकेल ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी घाबरले होते. घाबरले की मी याद्या करते. आईला काय काय दाखवायचं राहिलंय त्याची यादी केली, ती चौदा ठिकाणांची झाली. बर्फ, वाळवंट, लेणी, चहाचे मळे, सगळं होतं त्यात.

आई वाल सोलत बसली होती तेव्हा मी ती यादी तिला वाचून दाखवायला घेतली. सहाव्या ठिकाणाला तिने मला थांबवलं.

"एवढं सगळं बघायला डोळे कुठले आणू? एकच दाखव. पण नीट."

कुठलं, ते तिला आठवावं लागलं नाही. तिला समुद्रातून सूर्य वर येताना बघायचा होता. तिचं माहेर मालवणकडचं, लग्नानंतर मुंबई. दोन्हीकडे समुद्र पश्चिमेला. आपल्याकडे तो बुडतोच नुसता, असं ती म्हणाली. मी जन्मभर याच किनाऱ्यावर राहिले, पण हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

या वेळचा बेत अर्ध्या पानात मावला. पूर्व किनाऱ्यावरचं पुरी, एकच हॉटेल, समुद्रासमोर, तळमजल्यावरची खोली, तीन सकाळी. नवरा बघू म्हणाला. आता बघू नाही, रजेचा अर्ज टाक, असं सांगितल्यावर त्याने निमूटपणे टाकला. त्रास बाकीच्यांचा झाला. बोरिवलीच्या मावशीने फोन करून झापलंच, इतक्या लांब जाताय आणि कोणार्क नाही? ऑफिसातल्या मैत्रिणीने चिल्का सरोवर सुचवलं. वही उघडायला माझा हात शिवशिवला. सगळ्यांना हो हो म्हटलं आणि वही कपाटातच ठेवली.

पहिल्या सकाळी ढग होते. दुसऱ्या सकाळी धुकं पार पाण्यापर्यंत उतरलेलं, सूर्य दिसला तेव्हा चांगला हातभर वर आला होता. खोलीवर आल्यावर माझा धीर सुटला. फोनवर दुसरा किनारा, टॅक्सी, हवामान, सगळं एकदम शोधायला लागले. एक गोष्ट मागितली होती तिने, तीही मला जमू नये, याचं रडू येत होतं. नवऱ्यावर उगाच खेकसले. आई डोळ्यांत थेंब घालून घ्यायला मान मागे टाकून बसली होती.

"उद्या परत बघू," ती म्हणाली.

दुसऱ्या कुणाच्या 'बघू'वर मी भांडले असते. तिचं ऐकून मी फोन खाली ठेवला आणि तिच्या डोळ्यांत थेंब घातले. उद्याची सकाळ मोकळी होती, त्या दिवशी आम्हांला दुसरीकडे कुठेही पोचायचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आम्ही वाळूवर जाऊन बसलो. चहावाल्याने प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या. आकाश स्वच्छ होतं. पाण्याच्या कडेला लाल रेघ उमटली तेव्हा आई जरा भलतीकडेच बघत होती. मी तिची हनुवटी धरून चेहरा समोर वळवला. मग तो आला, आधी नखाएवढा, मग अर्धा, अगदी सावकाश. नवऱ्याने चहा हातातच धरून ठेवला होता.

मला राहवेना. दिसतोय का, पूर्ण दिसतोय का, खुर्ची आणखी वळवू का, असं मी एकामागून एक विचारत सुटले. आईने न बघताच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"थांब गो," ती म्हणाली. "बघू दे."