सरजाबाईच्या आवाजाचे पाच तुकडे

सव्वीस वर्षं एसटीत तिकीट तपासनीस म्हणून काढल्यावर माणसाचा माणसावर विश्वास राहावा, ही अपेक्षाच चुकीची. बोरीचे सिद्धोधनराव तर नोकरीला लागायच्या आधीपासूनच संशयी. नोकरीनं त्यांना त्याचा पगार दिला, एवढंच. देवगाव फाट्यावर ते गाडीत चढले की तिकीट काढलेले प्रवासीसुद्धा खिसे चाचपायचे. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, सवय गेली नाही. गिरणीत दळण टाकलं तर पीठ हातात पडेपर्यंत ते हलत नाहीत. स्कूटर दुरुस्तीला दिली तर किलोमीटरचा आकडा वहीत लिहून घेतात, आणि लिहितोय हे मिस्त्रीला दिसेल असं उभं राहून लिहितात.

त्यांच्या एका संशयाला मात्र कारण होतं. त्यांची आई, सरजाबाई, गाणी रचायची. अक्षरओळख नाही, पण बाबासाहेबांवर, शाळेवर, कापूसवेचणीवर चाळीसेक गाणी तोंडपाठ, आणि सगळी स्वतःची. सहा वर्षांपूर्वी त्यातलं एक सिद्धोधनरावांनी कुणाच्या तरी मोबाइलवर ऐकलं. गाणारी गावातलीच बबिता, एका गायन पार्टीतली. शेवटच्या कडव्यात रचणारीचं नाव येतं, तिथंही सरजाबाईच्या जागी बबिताचंच. झालं. जयंतीच्या बैठकीत, गावादेखत, त्यांनी तिला चोर म्हटलं. बबिता खाली मान घालून बसली, एक शब्द बोलली नाही. तिच्या पार्टीला त्यानंतर बोरीत कुणी बोलावलं नाही.

पुन्हा असं होऊ नये म्हणून गेल्या दिवाळीत त्यांनी मेहुण्याचा कॅमेरा आणला, आईला समोर बसवलं आणि दोन तास गाणी रेकॉर्ड केली. सोबतीला फक्त आपली मुलगी नीलम. पुढं महिनाभरातच सरजाबाईला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणं गेलं. तिचा आवाज आता त्या रेकॉर्डिंगमध्ये होता, दुसरीकडे कुठंच नाही.

"यंदा जयंतीला विहारासमोर पडद्यावर आजीला दाखवू," नीलम म्हणाली. म्हणजे एडिटिंग आलं, म्हणजे फाइली परक्याच्या हातात. सिद्धोधनरावांनी फाइली घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आणि कार्ड काढून ठेवलं. तिथं कॅमेऱ्यानं दोन तासांचे पाच तुकडे करून ठेवलेले दिसले आणि त्यांना युक्ती सुचली. दोन तुकडे जिंतूरला नागेशच्या व्हिडिओ एडिटिंगच्या दुकानात द्यायचे, दोन सेलूला महेश्वरीच्या, मधला एक घरी. सगळी गाणी एकाच्या हाती लागायलाच नकोत. वर त्यांनी फाइलींची नावंही बदलली. 'बोअर दुरुस्ती', 'गव्हाची मळणी'. चोरालासुद्धा वाचून कंटाळा यावा, हा हेतू.

आठ दिवसांनी नागेशनं बोलावून घेतलं. पडद्यावर सरजाबाई बसलेली, ओठ हलताहेत, हात मांडीवर ठेका धरतोय, आणि आवाज नाही. गेले तीन महिने घरात दिसत होती तशीच. सिद्धोधनरावांनी स्पीकरची वायर ओढून पाहिली. तुकडे देण्याआधी त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर प्रत्येकाची सुरुवात तपासली होती. आवाज खणखणीत होता.

"माझ्या घरी आवाज हाय, तुमच्याकडं न्हाई. मंग गेला कुठं?"

"साहेब, आमच्या सॉफ्टवेअरला ही फाइल मानवंना."

"फाइलीला काय पोट हाय का, मानवायला?"

नागेशनं लेकरांच्या शपथा घेतल्या. त्या त्यांनी एसटीत रोज ऐकलेल्या होत्या. ह्यानं आवाज तेवढा काढून घेतला, अशी त्यांची खात्रीच पटली. तिथून ते तडक सेलूला गेले, तर महेश्वरीकडं फाइल उघडतच नव्हती, आणि तीही सॉफ्टवेअरवरच ढकलत होती. दोन गावं, दोन दुकानं आणि बहाणा एकच.

"तुमची आन् नागेशची वळख हाय का?" त्यांनी थेट विचारलं.

महेश्वरी लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगमध्ये मुरलेली बाई. असली गिऱ्हाइकं तिला नवी नव्हती. "नाव ऐकलंय. पण काका, कॅमेरा फाइलीला 'बोअर दुरुस्ती' नाव देत न्हाई. नंबर देतो. ह्याचे बाकीचे तुकडे कुठं हायत?"

बिनतिकिटाचा प्रवासी जसा खिडकीबाहेर बघतो, तसे सिद्धोधनराव रस्त्याकडं बघू लागले.

मग तिनं त्यांना समजावून सांगितलं. असल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग सलग असतं. कार्डावर ठेवताना कॅमेरा त्याचे तुकडे करतो आणि कुठल्या तुकड्यामागं कुठला, हे शेजारच्या फोल्डरमध्ये नोंदवून ठेवतो. घरचा प्लेअर कशीही फाइल वाजवतो. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला मात्र सगळं जागच्या जागी लागतं, नाहीतर कुठं आवाज जातो, कुठं फाइलच उघडत नाही. "कुणी काय चोरलं न्हाई काका. तुमीच फाडाफाड केली. आख्खं कार्ड आणा."

आख्खं कार्ड. ते कपाटात कुलपाखाली होतं आणि किल्ली करदोट्याला. रात्रभर त्यांना झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी कार्ड स्वतःच्या हातानं महेश्वरीच्या कॉम्प्युटरला लावलं आणि स्टूल ओढून बसले. "माझ्यासमोरच करा," म्हणाले.

पाचही तुकडे एकामागं एक बसले. महेश्वरीनं साधारण मधूनच चालू केलं आणि दुकानात सरजाबाईचा आवाज घुमला. सिद्धोधनरावांनी डोळे मिटले. आईचं बोलणं गेल्यापासून हे पूर्ण ऐकायचं त्यांना धाडसच झालं नव्हतं. गाणं संपलं. मग त्यांचाच आवाज आला, "खिडकीखाली कोनतरी मोबाइल धरून उभं हाय, बघून येतो," आणि पडद्यावर ते स्वतः उठून बाहेर गेले.

मागून नीलम बोलली, "आजी, आता बबिताताईनं चोरलेलं गाणं म्हण."

"चोरलं कशाचं?" सरजाबाई हसत होती. "मीच दिलं. पार्टीत नवी व्हती, आपलं म्हनून गायला कायतरी पायजे व्हतं तिला. शेवटाला नाव बी तुझंच घाल म्हनलं मी."

"मग पप्पाला सांग की."

सरजाबाईचं हसू गेलं. "त्यानं तमाशा केला, मी गप बसले. बबिताला बी गप बस म्हनलं. चुकलंच माझं. पर त्याला सांगायचं भ्या वाटतं माय. पोटचा हाय, पर माझ्याकडंच पुरावा मागंल."

तीन महिन्यांनी आई बोलत होती आणि त्यांच्याविषयीच बोलत होती. नीलमलाही सगळं ठाऊक होतं. साऱ्या दुनियेवर पाळत ठेवली आणि घरातल्या दोघी आपल्यालाच भिऊन गप्प राहिल्या, हे सिद्धोधनरावांच्या फार जिव्हारी लागलं.

महेश्वरीनं व्हिडिओ थांबवला. "काका, एवढा भाग काढून टाकू का? मिनिटभराचाच हाय. जोड बी दिसणार न्हाई."

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. पडद्यावर सरजाबाई अर्धं तोंड उघडं ठेवून थांबली होती.

"नका काढू," ते म्हणाले. "मी त्या पोरीला गावादेखत चोर म्हनलो. आता गावादेखतच ऐकू द्या." स्टूल पुढं ओढून ते म्हणाले, "आन् तिथं आवाज जरा मोठा करा."